फ्राऊ काताउरे आणि तळघरातली माणसं

फ्राऊ काताउरे, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसं काताउरे बाई, दार वाजवून मगच आत यायच्या. जर्मनीत यात विशेष काही नाही. पण त्या तळघरातल्या संग्रहाच्या खोलीचंही दार वाजवायच्या. बोटांच्या पेरांनी दोनदा, आणि मग चार-पाच सेकंद थांबायच्या. खोलीला बाहेरून कुलूप, किल्ली त्यांच्याच हातात, तरी थांबायच्या. पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर खाली गेले तेव्हा मला वाटलं, आत कुणीतरी काम करतंय.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"एकशे चौदा जण," त्या म्हणाल्या आणि किल्ली फिरवली.

आत लोखंडी मांडण्या होत्या आणि मांडण्यांवर करड्या पुठ्ठ्याची खोकी. प्रत्येक खोक्यात एक कवटी. काही थोड्या इथल्याच, बाकीच्या दुरून आलेल्या. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून डॉक्टरांनी आणि लष्करी अधिकाऱ्यांनी त्या इकडे पाठवल्या होत्या. कुठला वंश श्रेष्ठ हे मोजपट्टीने ठरवायचं होतं, म्हणून. बहुतेक आजच्या नामिबियातल्या होत्या. आता त्या परत द्यायच्या असं सरकारने ठरवलं होतं, आणि कुठली कवटी कुठून आली हे शोधायला आमच्या संशोधन संस्थेने फ्राऊ काताउरेंना दोन वर्षांसाठी नेमलं होतं. त्या स्वतः नामिबियातल्या हेरेरो जमातीच्या होत्या. ज्यांच्या माणसांच्या कवट्यांनी ही खोकी भरली होती, त्यांच्यातल्या.

ही संस्था कुठल्या गावात आहे ते मी लिहीत नाही. मी येना विद्यापीठात प्रकाशशास्त्रात पीएचडी केली आणि नोकरी मिळाली ती इथे, स्कॅनर आणि कॅमेरे चालवायची. करार एकेक वर्षाचा. दर वर्षी संपायच्या महिन्यात आमच्या प्रमुखांची सही व्हायची आणि मग मी ती सही घेऊन परदेशी नागरिकांच्या ऑफिसात व्हिसा वाढवायला जायची. जर्मनीत मी सहा वर्षं होते, पण माझं इथलं असणं त्या एका सहीवर उभं होतं, हे मी एक दिवसही विसरले नव्हते.

पहिल्या दिवशी फ्राऊ काताउरे एक खोकं दोन्ही हातांवर घेऊन माझ्याकडे आल्या. बुटक्या, पन्नाशीच्या, केस अगदी बारीक कापलेले, चष्मा गळ्यात दोरीला. मी त्यांना स्कॅनरचा फॉर्म दिला. त्यात एक रकाना असतो, 'नमुना' असा. त्यांनी तो शब्द पेन्सिलीने खोडला आणि वर लिहिलं, 'माणूस'.

"सिस्टिम हे घेणार नाही," मी म्हटलं. "तिथे यादीतलाच शब्द टाकावा लागतो."

"तुम्ही सिस्टिममध्ये काय हवं ते टाका. कागदावर हे राहू दे." मग त्यांनी यंत्राकडे पाहिलं. "किती वेळ लागेल?"

"चाळीस मिनिटं."

"एवढा वेळ त्या एकट्या असतील?"

मशीनचे तास मोजून मिळायचे, मागे तिघांचं बुकिंग होतं, आणि ही बाई मला कवटीच्या एकटेपणाबद्दल विचारत होती. मी म्हटलं, बाहेर खुर्ची आहे. त्या चाळीस मिनिटं खुर्चीवर बसल्या. स्कॅन संपल्यावर आत आल्या, खोक्यावर वाकून त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलल्या आणि झाकण लावलं. पुढे दोन वर्षं हे असंच चाललं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मीच खुर्ची आत आणून ठेवायला लागले.

त्यांचं जर्मन ऐकून लोक चक्रावायचे. माझं जर्मन क्लासमधलं, व्याकरण जपत बोललेलं. त्यांचं पूर्वेकडच्या खेड्यातल्या आजीबाईंसारखं, सगळे शब्द तोंडात घोळवलेले. 'हो' म्हणायचं तर 'या' नाही म्हणायच्या, 'नू' म्हणायच्या. एकदा ट्राममध्ये समोरच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "किती छान जर्मन बोलता तुम्ही. कुठे शिकलात?"

"बालवाडीत," फ्राऊ काताउरे म्हणाल्या.

बाई हसल्या. त्यांना ते विनोदी वाटलं, पण ते खरं होतं. नामिबियातल्या स्वातंत्र्यलढ्याच्या काळात निर्वासितांच्या छावण्यांमधून काही मुलं पूर्व जर्मनीने आणून वाढवली होती. फ्राऊ काताउरे त्यांतल्या एक. चार वर्षांच्या होत्या. त्यांच्या पंधराव्या वर्षी पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही, तेव्हा या मुलांना विमानात बसवून परत पाठवलं. "ज्या देशात माझी भाषा कुणाला येत नव्हती तिथे मला घरी म्हणून पाठवलं," त्या म्हणायच्या. मग आजीकडे राहून त्या हेरेरो भाषा शिकल्या, आणि तिशीत शिक्षणासाठी पुन्हा इकडे आल्या.

त्या भित्र्या होत्या. हे मी म्हणत नाही, त्याच सांगायच्या. एखादा सहज सांगतो ना, मी मांसाहार करत नाही, तसं. "मी भित्री आहे, मला भिंतीकडची जागा द्या." मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, त्या कायम भिंतीला पाठ लावून बसायच्या. सलग दोन दिवस एकाच वेळेच्या ट्रामने यायच्या नाहीत. दोन फोन बाळगायच्या, आणि दुसऱ्याचा नंबर फक्त बहिणीला माहीत होता. संध्याकाळी निघताना मला विचारायच्या, "बाहेर कोण उभं आहे?" मी खिडकीतून बघून सांगायची. सुरुवातीला मला हे अती वाटायचं. घरी निखिलला, माझ्या नवऱ्याला, मी हसत हसत सांगितलंसुद्धा. तो सॉफ्टवेअर कंपनीत, पुण्याहून आलेला, शांत माणूस. तो हसला नाही. "ती इथे लहानाची मोठी झालीय," तो म्हणाला. "तिला माहीत असेल काहीतरी."

पुढच्या वर्षी वसंतात गावाच्या सभागृहात एक चर्चा झाली. विषय होता, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जर्मन सैन्याने नामिबियात केलेल्या नरसंहाराबद्दल जर्मनीने भरपाई द्यावी का. जर्मन सरकारने तेव्हा 'नरसंहार' हा शब्द मान्य केला होता, पैसेही देऊ केले होते, पण त्याला भरपाई म्हणायला तयार नव्हतं. विकासासाठी मदत म्हणत होतं. आणि ज्यांची माणसं मारली गेली त्या हेरेरो आणि नामा लोकांचं म्हणणं होतं की बोलणी दोन सरकारांनी आपसात केली, आम्हाला धड विचारलं नाही. फ्राऊ काताउरेंना मंचावर बोलावलं होतं. "माझ्या जवळ बसा," त्या मला म्हणाल्या. "मला समोर एक ओळखीचा चेहरा हवा." मी पहिल्या रांगेत बसले.

प्रश्नोत्तरांना सुरुवात झाली तसा एक म्हातारा गृहस्थ उभा राहिला. गळ्यात नीट दुमडलेला मफलर, आवाजात राग नाही. "माझे आजोबा खाणीत कामाला होते," तो म्हणाला. "त्यांनी आफ्रिका नकाशावर तरी पाहिली असेल की नाही, शंका आहे. मी का भरायचं?"

फ्राऊ काताउरेंनी माइक जवळ ओढला. माइक टेबलावर वाजला. "तुमच्या आजोबांनी केलं असं मी म्हणतच नाही. ज्या राज्याने विहिरींवर पहारे बसवले आणि माझ्या माणसांना वाळवंटात ढकललं, उरलेल्यांना छावण्यांत घालून रेल्वे बांधायला लावली, ते राज्य त्यानंतर रूपं बदलत बदलत आजही आहे. त्याच्या प्रत्येक कागदावर, पासपोर्टवरही, तोच राजमुद्रेतला गरुड आहे. मी त्या राज्याशी बोलते आहे. तुम्ही त्या कागदाचे मालक असाल, तर तुमच्याशीही."

मंचावरचे सरकारी पाहुणे म्हणाले, आम्ही भरघोस मदत करतोच आहोत, शब्दावर एवढा वाद कशाला.

"मदत मनात आली की थांबवता येते," त्या म्हणाल्या. "देणं थांबवता येत नाही. तुम्हाला 'मदत' शब्द आवडतो तो याचसाठी. माझ्या पणजोबांची कबर आज एका शेतात आहे. शेतमालकांचं आडनाव जर्मन आहे. सज्जन लोक आहेत. मी कुंपणाबाहेर उभी राहून कबरीकडे बघते, तेव्हा ते मला पाणी आणून देतात. ती मदत."

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत काळ्या जाकिटातला एक तिशीचा माणूस फोन उंच धरून उभा होता. मंचाचं नाही, प्रेक्षकांचं चित्रण करत होता. एकेका रांगेवरून सावकाश. फोन माझ्यापर्यंत आला आणि थांबला. मी तोंड फिरवलं. मानेवर कुणी ओला हात ठेवावा तसं वाटत राहिलं.

परतताना ट्राममध्ये आम्ही दोघीच होतो. मनातलं घालवायला मी काहीतरी बोलले, की आमच्याकडेही इंग्रजांनी दीडशे वर्षं लुटलं, आम्हालाही कुणी काही परत दिलं नाही.

"ते तुमचं येणं झालं," फ्राऊ काताउरे म्हणाल्या. "देणं काय आहे?"

"कुणाचं?"

"तुम्हीच सांगा. तुमच्या गावात कुणी कुंपणाबाहेर उभं असेलच."

माझं आजोळ साताऱ्याकडचं. मला एकदम माझ्या वर्गातल्या संगीताची आई आठवली. ती आमच्या मागच्या दाराशी यायची, मामी तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची, तांब्याला तिचा हात लागू न देता. मी सात-आठ वर्षांची होते. पाणी कोपरांवरून गळायचं.

"आमच्याकडचं वेगळं आहे," मी म्हटलं.

"नू," त्या म्हणाल्या. "सगळीकडचं वेगळंच असतं." आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मलाच तो चुकवता आला नाही.

पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्रपेटीत एक पाकीट आलं. त्यांनी ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "यावर स्टॅम्प नाही," त्या म्हणाल्या. मला अर्थ कळायला वेळ लागला. स्टॅम्प नाही म्हणजे पोस्टाने आलेलं नाही. कुणीतरी त्यांच्या दाराशी येऊन, नाव वाचून, हाताने टाकलं होतं.

आत सभागृहाचा छापलेला फोटो होता. मंचावरच्या फ्राऊ काताउरेंच्या डोक्याभोवती लाल पेनने गोल, आणि खाली एकच ओळ, 'तुमच्यासाठीही खोकं आहे'. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, पहिल्या रांगेत, अर्धवट वळलेला माझा चेहरा होता. कानातलं दिसत होतं. त्याच्याभोवती गोल नव्हता.

पोलीस आले, सभ्यपणे बोलले, पाकीट पिशवीत घालून घेऊन गेले. शोधणं कठीण आहे म्हणाले. निखिलने मला सांगितलं, "आता मीटिंग वगैरे बंद. आपली कायमच्या परवान्याची फाईल आत आहे. आपण इथे कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही." मी वाद घातला नाही. मला स्वतःलाच ते हवं होतं. ते कानातलं मी काढून ठेवलं. ट्रामच्या थांब्यावर काळं जाकीट दिसलं की मी दुकानात शिरायची, आणि नको असलेला ब्रेड घेऊन बाहेर पडायची.

ऑक्टोबरात एका सकाळी फ्राऊ काताउरे आल्या, कोट न काढता बसल्या आणि पेन्सिल माझ्यापुढे केली. "आज तुम्ही लिहा. माझा हात चालत नाही."

पहाटे कुणीतरी त्यांच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी दगडाने फोडली होती. दगड सिंकमध्ये पडला होता. त्या कामाला आल्या होत्या, पण काचा तशाच टाकून. मला नवल वाटलं, कारण त्या इतक्या टापटिपीच्या होत्या. मी म्हटलं, संध्याकाळी मी येते, मिळून आवरू.

"तुम्हीच आवरा," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात काच हाताने उचलत नाहीत."

आणि मग, तिथेच, कोट अंगात असताना, त्यांनी मला पणजीची गोष्ट सांगितली. पणजी समुद्राकाठच्या छावणीत कैदी होती. तिथे रोज माणसं मरायची. कैदी बायकांना मेलेल्यांची डोकी उकळून, काचेच्या तुकड्यांनी खरवडून साफ करायला लावायचे, कारण ती पेट्यांत भरून जर्मनीला पाठवायची असत. पणजीपुढे एके दिवशी एक डोकं आलं, ते तिच्या धाकट्या भावाचं होतं. तिने ते केलं. नाही म्हणण्याची सोय नव्हती. पुढे ती पुष्कळ जगली, मुलं-नातवंडं झाली, पण घरात काही फुटलं की ती उठून अंगणात जाऊन उभी राहायची.

"माझ्या आजीने मला हे सतराव्या वर्षी सांगितलं," फ्राऊ काताउरे म्हणाल्या. "इथून जाऊन मला दोनच वर्षं झाली होती. मला वाटलं, ही म्हातारी मला जर्मनांबद्दल उगाच घाबरवते आहे. मला ती मंडळी माझी वाटत होती ना."

संध्याकाळी मी हातमोजे घालून काचा गोळा केल्या. त्या बाहेर अंगणात उभ्या होत्या. मी एकेक तुकडा वर्तमानपत्रात ठेवत होते. खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून पलीकडच्या इमारतीतले लोक बघत होते. कुणी खाली आलं नाही.

हे सगळं चालू असताना काम संपत आलं होतं. परत पाठवायच्या कवट्यांची यादी झाली. सोपवण्याचा कार्यक्रम डिसेंबरात ठरला. बाकी काही कवट्या जुन्या नोंदींप्रमाणे याच भागातल्या, मध्ययुगीन दफनभूमीतल्या होत्या. त्या इथेच राहणार होत्या. कॅमेऱ्याची चाचणी घ्यायची म्हणून मी त्यांतल्या काहींचे इन्फ्रारेड फोटो काढले. कवटीवर पांढऱ्या रंगाचा एक पट्टा मारून त्यावर नंबर घातलेला असतो. साध्या डोळ्यांना पट्ट्याखालचं दिसत नाही. इन्फ्रारेडमध्ये दिसतं. तीन कवट्यांच्या पट्ट्याखाली दुसरे, जुने नंबर होते. मी ते संस्थेच्या पहिल्या नोंदवहीत शोधले. तिन्हींसमोर त्याच समुद्राकाठच्या छावणीचं नाव होतं.

मी आमच्या प्रमुखांकडे गेले. पासष्टीला आलेले, मृदू बोलणारे, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिले.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले. "चांगलं काम आहे. पण तीन आठवड्यांनी मंत्री येताहेत, नामिबियाच्या दूतावासाचे लोक येताहेत. आता यादी उघडली तर सगळंच वर्षभर पुढे जाईल. त्यात कुणाचं भलं? हे आपण नंतर, शांतपणे बघू. तोवर आपल्या दोघांत राहू दे." वाटी त्यांनी माझ्याकडे सरकवली. "तुमच्या करारावरही मला याच महिन्यात सही करायची आहे, नाही का?"

त्यांनी ते धमकी म्हणून म्हटलं की नुसतं आठवलं म्हणून, हे मला आजही माहीत नाही. मी गोळी घेतली आणि खोलीत येऊन बसले.

निखिल म्हणाला, "नंतर बघू म्हणालेत ना? मग नंतर बघ. शंभर वर्षं थांबलेत ते, अजून एक थांबतील." बोलून झाल्यावर त्याचा चेहरा पडला. त्यालाही ते ऐकवलं नाही. पण त्याने शब्द परत घेतले नाहीत, आणि मीही त्याला घ्यायला लावले नाहीत.

मी नऊ दिवस गप्प राहिले. त्या नऊ दिवसांत फ्राऊ काताउरे रोज माझ्या खोलीत यायच्या, दार वाजवून. मी स्क्रीन वळवून ठेवायला लागले. त्या काही विचारायच्या तर मी कामात असल्यासारखं करायची. एकदा त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघत, आणि परत गेल्या. मला वाटलं, त्यांना कळलंय. दुसऱ्या क्षणी वाटलं, कळलेलं असेल तर बरं, म्हणजे मला सांगावं लागणार नाही.

दहाव्या दिवशी मी तळघरात गेले. त्या लेबलं लिहीत होत्या.

"मला काही सांगायचंय," मी म्हटलं. "इथेच राहणार आहेत, त्यांतले काही इथले नाहीत."

पेन्सिल थांबली. "किती?"

"तीन."

"कुठले?"

मी छावणीचं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि दोरीवर सोडून दिला. त्या मांडण्यांकडे वळल्या. मला वाटलं त्या रडतील किंवा माझ्यावर ओरडतील. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"नऊ दिवस."

"सही झाली तुमच्या करारावर?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. माफ केल्यासारखी नाही, हिशेब समजल्यासारखी. "मग तुम्ही मला काही सांगितलेलं नाही. मी उद्या मंत्रालयाला अर्ज करते, की सोपवण्याआधी संग्रहातल्या प्रत्येकाचे इन्फ्रारेड फोटो काढा. अर्जावर माझं एकटीचं नाव असेल. ते तुम्हाला फोटो काढायला सांगतील. तुम्ही काढाल, आणि जे दिसेल ते दिसेल."

"ते पाकीट टाकणारे तुमच्या मागे लागतील," मी म्हटलं. माझा आवाज मलाच चोरटा वाटला.

"लागलेलेच आहेत." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "तुम्ही घाबरा, फ्राऊ सावंत. मी पण घाबरते. फक्त फोटो पुसू नका."

तसंच झालं. मंत्रालयाचं पत्र आलं, मी सगळे फोटो पुन्हा काढले, तीन कवट्या यादीत वाढल्या. कार्यक्रम वर्षभर नाही, चार महिने पुढे गेला. माझ्या करारावर सही झाली, वर्षाऐवजी सहा महिन्यांची. काही आठवड्यांनी मी आणि प्रमुख लिफ्टमध्ये दोघंच होतो. ते दाराकडे बघत म्हणाले, "छान फोटो होते, फ्राऊ सावंत. दोन्ही वेळचे." लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली आणि ते उतरले. मलाही तिथेच उतरायचं होतं, पण मी पाचव्यापर्यंत गेले.

फ्राऊ काताउरेंचा करार वाढवला नाही. कार्यक्रम पुढे ढकलायला लावणारी बाई म्हणून त्यांचा फोटो स्थानिक पेपरात आला, आणि पाकिटं पुन्हा सुरू झाली. आता त्यांवर स्टॅम्प असायचे, आणि वेगवेगळ्या गावांचे शिक्के. घरमालकाने पत्र पाठवलं की इतर भाडेकरूंना असुरक्षित वाटतं, आपण दुसरी जागा बघावी. त्यांनी बघितली नाही. खोक्यांबरोबर नामिबियाला जायचं आणि परत यायचं नाही, असं ठरवलं. पुस्तकं वाटून टाकली. सायकल मला देऊ केली. मी घेतली नाही, कारण ती गावात सगळ्यांना ओळखीची होती. हे कारण मी त्यांना सांगितलं नाही.

कार्यक्रमात मंत्र्यांनी माफी मागितली. भरपाई हा शब्द उच्चारला नाही. फ्राऊ काताउरे बोलायला उठल्या नाहीत, त्यांनी फक्त नंबर वाचले, एकेका नंबरानंतर थांबत. नावं कुणाचीच माहीत नव्हती. खोकी दूतावासाच्या गाडीतून विमानतळाकडे गेली, आणि फ्राऊ काताउरे दुपारच्या रेल्वेने विमानतळाला जाणार होत्या. सभागृहाच्या दाराशी गर्दीत त्या माझ्या बाजूने जाताना हळूच म्हणाल्या, "स्टेशनवर येऊ नका. आलात तर ओळख दाखवू नका. तिथे कॅमेरे असतील."

मी गेले. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, जाहिरातीच्या फलकाशी उभी राहिले.

त्या आल्या तेव्हा क्षणभर ओळखू आल्या नाहीत. दोन वर्षं मी त्यांना करड्या कोटात पाहिलं होतं, सकाळच्या कार्यक्रमातही. आता त्यांनी हेरेरो बायकांचा पेहराव केला होता. जमिनीला टेकणारा, घेराचा, गडद लाल झगा, आणि डोक्यावर त्याच कापडाचं, गायीच्या शिंगांसारखं दोन्ही बाजूंना पसरलेलं शिरोभूषण. पोलिसांनी गाडी देऊ केली होती असं नंतर कळलं. त्या गाडीत त्यांचं शिरोभूषण मावलं नाही आणि त्यांनी ते उतरवायला नकार दिला. सभागृहापासून स्टेशनपर्यंत, भर दुपारी, बाजाराच्या रस्त्याने त्या चालत आल्या होत्या. मागे दोन पोलीस, त्यांच्याही मागे फोन धरलेले लोक. काही नुसते बघे होते. काही तसे नव्हते. एक जण काहीतरी ओरडला आणि दुसरे हसले.

प्लॅटफॉर्मवर त्यांच्याभोवती आपोआप मोकळी जागा झाली. त्या मध्ये उभ्या होत्या, बॅग पायाशी, हातांच्या मुठी झग्यात. इतक्या लांबूनही त्यांचे खांदे वर-खाली होताना मला दिसत होते. त्या घाबरल्या होत्या. मला ते पाठ होतं.

गाडी आली. दारातून ते शिरोभूषण सरळ आत जाईना. त्या तिरक्या झाल्या, आधी एक टोक, मग मान वाकवून दुसरं, आणि आत गेल्या. खिडकीशी बसल्या. समोरचा प्रवासी उठून दुसरीकडे गेला. त्यांनी प्लॅटफॉर्मवर नजर टाकली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न घाई करता. ती नजर माझ्यापर्यंत आली, आणि मी खांब असल्यासारखी माझ्यावरून पुढे गेली. पापणीसुद्धा हलली नाही.

माझ्यापासून चार हातांवर एक माणूस फोन धरून उभा होता. त्याने त्यांची नजर जिथे जिथे गेली तिथे तिथे फोन वळवला होता. माझ्यावर तो थांबला नाही.

गाडी हलली. मी हात वर केला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि जिना उतरून खाली येईपर्यंत तसंच वाटत राहिलं.